मगदूम सरांची भाची

बसा मंडळी, बसा. पुढं सरका. टेकायला खांब मिळावा म्हणून मागं बसलेले भक्त मी चांगले ओळखतो. तुमचं चालू द्या. आणि दाराजवळ बसलेली मंडळी तर फारच भाविक — एक डोळा मारुतीरायावर, दुसरा बाहेर काढलेल्या चपलांवर! असू दे, असू दे. लक्ष ठेवा चपलांवर. आज मला त्यांच्याशीच काम आहे.

उत्सवाचा दिवस आहे, म्हणून एक प्रश्न घेऊन उभा राहिलोय. प्रश्न असा — द्यायचं कसं?

काय द्यायचं, असं मी विचारत नाही. ते तुम्हाला कळतं. किती द्यायचं, असंही विचारत नाही, कारण तो विषय काढला की सभामंडप रिकामा होतो, हा माझा अनुभव आहे. मी विचारतोय, कसं द्यायचं? कारण बघा, देणाऱ्याचा हात वर असतो, घेणाऱ्याचा खाली. हात खाली गेला की पाठोपाठ मान खाली जाते. आणि आपल्या भाषेची गंमत अशी, की गळ्यावर असते ती मान, आणि चार लोकांत मिळतो तो मान — शब्द एकच! ती खाली गेली की हा गेलाच म्हणून समजा.

परवा एका शाळेत मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. वह्यावाटप. पोरगं एक, वही एक, आणि त्या वहीला धरलेले हात? अहो, पालखीला नसतील एवढे! सगळ्यांना फोटोत यायचं होतं. फोटोवाला म्हणाला, "जरा हसा." सगळे हसले. पोरगं तेवढं हसलं नाही. त्याला ती वही कधी एकदा दप्तरात घालतो आणि पळतो, असं झालं होतं.

आता हे मारुतीराय बघा. अख्खा डोंगर उचलून आणला. लक्ष्मणाचा जीव वाचला. पण डोंगरावर कुठं पाटी होती का, 'मारुती यांच्या सौजन्याने' म्हणून? लक्ष्मणाला उठवून, दोघांनी मिळून मुळी हातात धरून फोटो काढला का? नाही ना! त्यांना डोंगर ठेवायची घाई होती. आपण असतो, तर आधी डोंगर कुठं ठेवला की चांगला दिसेल, याच्यावर बैठक झाली असती.

हसलात. बरं झालं. आता ऐका. या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्या पोथीत नाही मिळालं. ते मिळालं मागांच्या गावात. इचलकरंजीत. सिमेंटच्या एका मैदानावर.

शिवलिंगअप्पा, सूर द्या जरा.

हे आमचे पेटीवाले, शिवलिंगअप्पा. उंची बघा माणसाची! पेटीमागं बसले की गुडघे कानाशी येतात. लोक विचारतात, बुवा, एवढा उंच माणूस पेटीमागं कशाला घडी घालून ठेवलाय? सांगतो. त्याचंही उत्तर याच गोष्टीत आहे.

तर इचलकरंजी. गल्लीगल्लीत माग. खटखट, खटखट, दिवसभर तोच ताल. त्या गावात एका शाळेमागं बास्केटबॉलचं मैदान होतं, आणि तिथं शिकवायला होते नेमगोंडा मगदूम सर. बुटका माणूस! बास्केटबॉलचा शिक्षक आणि बुटका. स्वतःची पोरं चेंडू टाकायला लागली की सरांना टाचा उंच करून बघावं लागायचं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर पांढरी टोपी, पायात जाड तळाचे, लेस बांधायचे बूट.

पुढं बसलेल्या आक्कांना बास्केटबॉल माहीत नसेल. सोपं आहे आक्का. उंचावर लोखंडी कडी, तिला जाळी. म्हणजे परडीच म्हणा, पण बूड नसलेली. चेंडू आपटत आपटत पळायचं आणि त्या परडीत टाकायचा. बूड नाही म्हणून चेंडू लगेच खाली! ती परडी काही ठेवून घेत नाही. आपल्या घरात अशी परडी कुणी ठेवणार नाही, हो की नाही?

आणि चेंडू आपटताना नवी पोरं काय करतात? चेंडूकडं बघतात. मान खाली. मग समोरचा येतो आणि चेंडू काढून घेतो, पत्ता लागत नाही. म्हणून मगदूम सर सकाळ-संध्याकाळ एकच ओरडायचे — "मान वर!" एवढाच मंत्र. "चेंडू कुठं जात नाही. मान वर!" आजूबाजूच्या घरांतले पोपटसुद्धा म्हणे 'मान वर' म्हणायचे. हे पोपटाचं मी पदरचं घातलंय. बाकीची गोष्ट खरी समजून ऐका.

त्या मैदानावर एक पोरगी यायची. निलव्वा. वडील लहानपणीच गेलेले. आई गंगव्वा कांडी भरायची. म्हणजे मागाला लागणारं सूत कांडीवर गुंडाळायचं, दिवसभर यंत्रापुढं उभं राहून. पोरगी काटक. चेंडू हातात आला की असा आपटायची — खटखट, खटखट — की मागाचा ताल आणि चेंडूचा ताल वेगळा कळू नये. आणि पाय? पाय एका जागी ठरायचे नाहीत. सारखे नाचायचे.

सर खूश! बाकीच्या पोरींना कडेच्या सावलीत जमवलं आणि म्हणाले, "बघा, निलव्वाचे पाय बघा. उभी असली तरी पाय हलतात. याला म्हणायचं तयारी. शिका काहीतरी!"

पोरी बघताहेत. निलव्वा खाली बघतीये. सर टोपी सारखी करत तिचं कौतुक करताहेत. आणि बोलता बोलता त्यांच्या हातातली शिट्टी खाली पडली. उचलायला वाकले. तळहात सिमेंटला लागला आणि...

चटका!

मंडळी, ही चैत्रातली दुपार होती. सिमेंट तापून तव्यासारखं. पोरगी अनवाणी होती हो! ती नाचत नव्हती, तिचे पाय भाजत होते. आणि हा शहाणा माणूस, जाड तळाचे बूट घालून, तिच्या भाजण्याचं कौतुक करत होता. सगळ्यांना बोलावून दाखवत होता!

सर उठले. "आजचं झालं," म्हणाले आणि खेळ थांबवला. घरी गेले. पद्माक्का, म्हणजे त्यांची बायको, दारात पाणी घेऊन आल्या, तर हे ओट्यावर बसून बूट काढताहेत, आणि काढलेल्या बुटांकडं नुसते बघताहेत.

"काय झालं? चिखल लागलाय काय?"

"चावायला लागलेत," सर म्हणाले.

"इतकी वर्षं घालताय, आज चावायला लागले?"

"आजच," म्हणाले सर.

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

दुसऱ्या दिवशी सर रसूलभाई मोमीनांच्या दुकानात गेले. बुटांचं दुकान. अंदाजानं माप सांगितलं, नवे कोरे बूट घेतले, मैदानावर आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "निलव्वा, हे घे. तुझ्यासाठी आणलेत."

चांगलं केलं ना? तुम्ही-आम्ही असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. निलव्वानं हात मागं घेतला. "नको सर. आई म्हणती, फुकटचं कुणाचं घ्यायचं न्हाई." मान खाली. दुसऱ्या दिवसापासून पोरगी मैदानावर यायचीच बंद झाली.

बघा! बूट दिले आणि पोरगी गेली. यात कुणाचं चुकलं सांगा. देणाऱ्याचं मन साफ, घेणारीचंही साफ. पण देताना हात जरा जास्तच वर गेला. सगळे बघत होते ना!

सर हिरमुसले. बूट परत करायला रसूलभाईंकडं गेले. रसूलभाई म्हणाले, "परत का, सर? लहान होतात? का चावतात?"

"चावतात..." सर सवयीनं म्हणाले. आणि तिथंच थबकले. रसूलभाईंकडं बघितलं. बुटांकडं बघितलं. मग फळीवर ठेवलेले बूट पुन्हा काखेत मारले आणि दुकानातून जवळजवळ पळाले! रसूलभाई मागनं, "अहो सर, परत करताय ना?" सर कुठले थांबताहेत?

तडक निलव्वाच्या दारात. पोरगी भांडी घासत होती. सर म्हणाले, "निलू, एक काम होतं गं. माझी एक भाची आहे बेळगावला. तू नको म्हणालीस, तर हे बूट आता तिला द्यायचं ठरवलंय. पण तिचे पाय फार नाजूक. नवा बूट चावतो तिला, फोड येतात. तुझ्याच मापाची आहे ती. तू जरा काही दिवस घालून, पळून, मोकळे करून देशील का? म्हणजे मग मी तिला पाठवतो. बघ बाई, अडचणीत आहे मी."

मंडळी, मगदूम सरांना बेळगावात भाची नव्हती. निपाणीत नव्हती, सांगलीत नव्हती. त्यांना बहीणच नव्हती! धादांत खोटं! आणि तेही मारुतीच्या देवळासमोरच्या गल्लीत उभं राहून.

पण पोरीचा चेहरा बघा. सरांचं काम आहे! सर अडचणीत आहेत! तिनं हात पुसले, बूट घेतले, वाकवून बघितले. "कडक हायती," म्हणाली. "करतो मी मोकळं." आमच्याकडं बायका-पोरीसुद्धा 'करतो, येतो, जातो'च म्हणतात, कोकणातल्या पाहुण्यांनी दचकू नये.

दुसऱ्या दिवशी निलव्वा मैदानावर. पायात बूट. मान वर!

आता कुणाला वाटेल, झाली गोष्ट. छे! ती पोरगी होती गंगव्वाची. काम म्हणजे काम. रोज बूट फडक्यानं पुसायची. काही दिवसांनी घेऊन आली, "सर, झालं मोकळं. द्या भाचीला पाठवून." आता आली का पंचाईत? सरांनी बुटात हात घातला, इकडं दाबलं, तिकडं दाबलं. "अंगठ्याजवळ अजून कडक लागतंय गं." परत गेली. पुन्हा आली. "टाचेशी जरा..." असं करता करता अंगठा झाला, टाच झाली, करंगळी झाली. त्या बुटात सरांना जेवढे भाग सापडले, तेवढे बूट शिवणाऱ्यालाही माहीत नसतील!

आणि एके दिवशी मैदानावर गंगव्वा आली. पदर खोचलेला, केसांत सुताचे तंतू. थेट सरांपुढं.

"सर, माजी पोरगी तुमच्या भाचीचं बूट मोकळं करून देतीया म्हणं."

सर एक पाऊल मागं सरकले. "हो, म्हणजे..."

"मग मजुरी काय ठरलीया?"

अहाहा! मंडळी, या बाईच्या पाया पडावं असं वाटतं मला. सर घाबरले होते, की हिला खोटं कळलं. हिला खोटं नाही कळलं, हिला अन्याय कळला! म्हणते कशी, "आमी कांडी भरतो, कांडीची मजुरी मिळती. पोरगी आठवडं झालं बूट मोकळं करतीया. तिनं काय फुकट राबायचं? आमी फुकट घेत न्हाई, तसं फुकट देत बी न्हाई."

सरांनी टोपी काढली. डोकं खाजवलं. आणि चेहऱ्यावर असं हसू आलं म्हणता! "चुकलंच माझं गंगव्वा. ठरवायचं राहूनच गेलं. पैशाचं मला जमायचं नाही. पण रोज एक पेला दूध आणि शेंगदाण्याचा एक लाडू. चालेल?"

गंगव्वानं विचार केला. "लाडू केवढा?"

सरांनी मूठ दाखवली. गंगव्वा म्हणाली, "चालंल."

झालं! पोरगी रोज खेळून झालं की हक्कानं मजुरी मागायची. उपकार नाही, कष्टाचा लाडू. तो खाताना मान खाली कशाला जाईल? आणि पद्माक्का रोज लाडू वळता वळता नवऱ्याला म्हणायच्या, "तुमची भाची मला फार महागात पडायला लागलीये. एकदा बघू तरी द्या तिला."

मंडळी, खोट्याचं एक असतं, एकदा जमलं की थांबवत नाही. मैदानावर अनवाणी काय एकटी निलव्वाच होती? हळूहळू भाचीचे बूट सगळ्यांनाच मोकळे करायला मिळू लागले. मग रसूलभाईंनी एकदा सरांना धरलंच. "सर, राग मानू नका, एक विचारू? तुमची भाची एकच ना?"

"एकच."

"मागच्या महिन्यात पाच नंबर नेलात. मग सात. काल नऊ नंबर नेलात, तोही पोरांचा. तुमच्या भाचीला एकूण पाय किती?"

सर म्हणाले, "वाढतं वय आहे, रसूलभाई."

रसूलभाई समजायचं ते समजले. त्या दिवसापासून सर दुकानात आले की ते एवढंच विचारायचे, "भाची बरी आहे ना?"

इथवर मजा झाली. आता जरा सरसावून बसा. कारण प्रत्येक गोष्टीत एक रावसाहेब असतात.

हे रावसाहेब गावातल्या क्रीडामंडळाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही हो! मदत करणारा. फक्त माईक दिसला की त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. या गावात नाहीत, असं मी पाकीट मिळेपर्यंत म्हणेन.

जिल्ह्याचा अंतिम सामना होता, आणि तोही इचलकरंजीतच. पोरी वर्षभर राबल्या होत्या. निवड करणारे साहेब वहीपेन घेऊन बसलेले. या सामन्यातून ज्या पोरी निवडल्या जाणार, त्यांना सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा. राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, सगळं. निलव्वासाठी एकीकडं ते होतं. आणि दुसरीकडं? दहावी झाली की आईशेजारचं कांडीचं यंत्र. मधलं काही नव्हतं. गंगव्वानं त्या दिवशी पहिल्यांदा खाडा केला होता. लोकांत पदर सावरून बसली होती.

पहिला अर्धा भाग निलव्वा अशी खेळली म्हणता! साहेबांचं पेन थांबेना. मग मध्यंतराची शिट्टी झाली. पोरी पाणी प्यायला बसल्या. आणि रावसाहेबांनी माईक घेतला. भाचीचं गुपित कुठून तरी त्यांच्या कानावर आलंच होतं.

"बंधू-भगिनींनो, या पोरी आज इथं खेळताहेत, पण यांच्या पायात साधे बूट नव्हते. गरिबीमुळं. ते कुणी दिले? आपल्या मगदूम सरांनी! भाचीचे बूट आहेत, मोकळे करून द्या, असं सांगून या माउलीनं या बिचाऱ्या पोरांना फुकट बूट वाटले. भाची-बिची कुणी नाही! हे दान आहे. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

टाळ्या झाल्या. मंडळी, मन लावून टाळ्या झाल्या. काही बायकांनी डोळेही पुसले. रावसाहेबांच्या मनात सरांचं कौतुकच होतं हो. पण निलव्वाचे कान तापले. बिचाऱ्या. फुकट. दान. तिनं पायातल्या बुटांकडं बघितलं, आणि वर्षभर वर असलेली मान खाली गेली. ती खालीच राहिली.

तिनं लेस सोडली. एक बूट काढला. दुसरा काढला. फडक्यानं पुसले. हो, तेव्हाही पुसले! आणि सरांच्या खुर्चीशी नेऊन ठेवले.

"तुमाला भाची न्हाई, सर?"

सर उठून उभे राहिले. "नाही."

"म्हंजे आमी फुकट घेतलं. लाडू बी फुकट." आवाज फुटत होता पोरीचा. "मी जातो."

निवड करणाऱ्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. आणि लोकांतून गंगव्वा उठून आली. चेहरा असा, की रावसाहेबांनी माईक आपोआप बंद केला. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं.

आता तुम्हीच सांगा, सरांनी काय म्हणायचं? चुकलो म्हणायचं? की 'वेडी का खुळी, घाल ते बूट, आयुष्याचा प्रश्न आहे' असं म्हणायचं? हे दुसरं आपण म्हटलं असतं. तेही दरडावून.

मगदूम सर खाली बसले. सिमेंटवर. बुटका माणूस, आणखी बुटका झाला. निलव्वाच्या खाली गेलेल्या मानेच्याही खाली. म्हणजे आता तिला खाली बघितलं तरी सरच दिसणार! आणि म्हणाले, "निलू, भाची मला नाही, हे खरं. पण बूट चावत होते, हे मी खोटं नाही बोललो."

"कुणाला चावत हुतं?"

"मला." सरांनी स्वतःच्या पायांकडं बोट केलं. "हे. माझ्या पायातले. तुझे पाय भाजत होते आणि मी त्याचं कौतुक केलं, आठवतं? त्या दिवसापासून हे बूट मला चावायला लागले. मैदानावर पाऊल टाकलं की चावायचे. घरी काढून ठेवले तरी चावायचे. पद्माला विचार. तू ते नवे बूट घालून पळायला लागलीस, तसे तसे माझे मोकळे होत गेले. म्हणजे तू बूट मोकळे केलेस की नाही? कुणाचे, ते मी सांगितलं नाही, एवढंच. काम खरं होतं. मजुरी खरी होती."

निलव्वानं आईकडं बघितलं. गंगव्वा सरांच्या बुटांकडं बघत होती, आणि मग बराच वेळ सरांच्या तोंडाकडं. ज्या बाईनं जन्मात कुणाचं फुकट घेतलं नाही, तिचा निवाडा होता. तिथं कुठलं कोर्ट चालणार नव्हतं.

"आता चावत्यात काय?" गंगव्वानं विचारलं.

"तिनं काढून ठेवले, तसे पुन्हा चावायला लागलेत," सर म्हणाले.

गंगव्वानं पोरीच्या खांद्यावर हात ठेवला. "मग काम राहिलंय अजून. घाल ते बूट. काम अर्धं टाकून उठायची रीत न्हाई आपल्यात."

निलव्वा बसली, बूट घातले, लेस ओढून बांधली. शिट्टी झाली. आणि मगदूम सरांच्या तोंडून त्या दिवशी 'मान वर' निघालंच नाही. गरजच नव्हती. मान वर होती!

काय आक्का? जिंकल्या का? तुम्हाला तेवढंच पाहिजे! हरल्या. एका बास्केटनं हरल्या. पण साहेबांच्या वहीत निलव्वाचं नाव पहिलं होतं. वसतिगृहात जाताना तिनं ते बूट बरोबर नेले नाहीत. फडक्यानं पुसून सरांना परत दिले आणि म्हणाली, "सर, ह्ये झालं मोकळं. आता दुसऱ्या भाचीला द्या."

बघा पोरगी! तिला सगळं कळलं होतं, आणि तरी भाची तिनं जिवंत ठेवली.

पुढं वर्षं गेली. निलव्वा एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. बाकीची पोरं कुणी पोलिसात, कुणी एसटीत, कुणी मागाचीच मालक. आणि गेल्या वर्षी मगदूम सर वारले. म्हातारपणानं, झोपेत, शांतपणे गेले.

शोकसभा मैदानावरच ठेवली. रसूलभाईंनी दुकान बंद ठेवलं होतं. पण सकाळपासून दारावर थापा. दार उघडलं तर बाहेर रांग! एक पोलीस, एक कंडक्टर, दोन मास्तरणी. "काय पाहिजे?" तर म्हणतात, "भाचीसाठी बूट." रसूलभाईंनी डोळे पुसले आणि दुकान उघडलं. मैदानावर सरांच्या फोटोपुढं हार थोडे, आणि नव्या बुटांची ही भली मोठी रांग! पाच नंबर, सात नंबर, सगळी मापं.

आणि मग माईकवर कोण आले? रावसाहेब! म्हातारे झालेले, काठी टेकत. लोक एकमेकांकडं बघायला लागले. पद्माक्कांनी पदर तोंडाला लावला. रावसाहेबांनी माईक धरला. बुटांच्या त्या रांगेकडं बघितलं. समोर निलव्वा बसलेली, आणि तिच्याशेजारी तिनं आपल्या शाळेतून आणलेल्या चार-पाच पोरी, पायांत बूट घातलेल्या. रावसाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले —

"मगदूम सरांनी कुणाला कधी काही दिलं, असं माझ्या तरी ऐकिवात नाही. त्यांना एक भाची होती. तिला नवे बूट चावायचे. एवढंच मला माहीत आहे." आणि खाली बसले.

मंडळी, त्या माणसानं माईकवर केलेलं हे सगळ्यात लहान भाषण. आणि सगळ्यात खोटं. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निलव्वा उठली, त्यांच्यापाशी गेली आणि पाया पडली.

तर द्यायचं कसं? असं द्यायचं. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे, की त्यानंच देणाऱ्यावर उपकार केला. आणि नुसतं त्याला वाटून भागत नाही, आपल्यालाही तसंच वाटलं पाहिजे. सरांनी भाचीचं सोंग केलं, पण चावत होतं त्याचं सोंग नव्हतं. ते खरं असलं की बाकीचं खोटं देव पोटात घालतो. आणि ते खरं नसलं, तर पाटी संगमरवराची लावा नाहीतर सोन्याची, मारुतीराय तिकडं बघत नाहीत.

आता कुणी म्हणेल, बुवा, हे तुम्हाला कुठून कळलं? शिवलिंगअप्पा, पेटी थांबवा जरा. मगाशी गोष्टीत रसूलभाईंच्या दुकानातून नऊ नंबरचा जोड गेला, तो कुणी मोकळा केला हो?

बघा, सुरावर बोट ठेवून बसलेत. पण मान बघा त्यांची. वर आहे! आजही कुठल्या गावाला कीर्तनाला गेलो की यांच्या पिशवीत एक नवा जोड असतो. मी विचारलं तर म्हणतात, "बुवा, एक भाची आहे."

आता आरती होईल. प्रसाद घ्याल. मग दाराशी जाल. तिथं तुमच्या चपला असतील. सगळ्यांच्या असोत, अशी मारुतीरायाला प्रार्थना! सावकाश पाय आत घाला आणि चार पावलं चालून बघा. घरी धुणं धुणाऱ्या बाईची पोर आठवेल. हॉटेलात तुमच्यापुढं चहा ठेवणारं पोरगं आठवेल. चावायला लागेल चप्पल. लागू द्या! भाची कुठली, ते तुमचं तुम्ही ठरवा. खोटं बोलायला मी तुम्हाला शिकवायला नको.

आणि समजा, नाहीच चावली? चार पावलं टाकली, कोपऱ्यापर्यंत गेलात, तरी चावली नाही?

तर परत या मंडळी. घाईत शेजाऱ्याची घातली असेल. तुमची चावल्याशिवाय राहायची नाही, एवढी ओळख आहे माझी तुमच्याशी.

चला शिवलिंगअप्पा. आरतीचा सूर द्या.